देवमाशाच्या कानातली साक्ष

मेलेल्या डॉल्फिनचा कान काढायचा तर आधी खालचा जबडा सोडवावा लागतो. बाहेरून पाळी नाही, दिसते ते टाचणीच्या डोक्याएवढे भोक. आवाज आत जातो तो मुख्यतः जबड्यातल्या चरबीतून, आणि त्या चरबीच्या मागच्या टोकाशी कानाचे हाड असते. माणसाच्या कानाचे हाड कवटीत रुतलेले असते. डॉल्फिन आणि इतर बहुतेक दातवाल्या देवमाशांत ते कवटीपासून सुटे, नुसत्या अस्थिबंधांनी धरलेले असते. म्हणून ते करवतीशिवाय, सुरीने सोडवता येते.

खरी अडचण वेळेची. या हाडाच्या आत शंखासारखी वळलेली कॉकलिया असते आणि तिच्यात ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी: आतल्या बाजूला एक रांग, बाहेरच्या बाजूला तीन. जीव गेल्यावर काही तासांतच त्या विरघळू लागतात. हाड नुसते फॉर्मेलिनच्या बरणीत टाकून भागत नाही, कारण ते इतके घट्ट असते की द्रावण आतपर्यंत वेळेत पोचत नाही. म्हणून रिकीब हे इवलेसे हाड काढून त्याखालची कॉकलियाची लंबवर्तुळी खिडकी मोकळी करतात, गोल खिडकीचा पडदा उघडतात आणि बारीक नळीने फॉर्मेलिन किंवा ग्लुटराल्डिहाइड अगदी हळूहळू आत सोडतात. जोर जास्त झाला तर ज्या पेशी वाचवायच्या त्याच फाटतात. मला या सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत कौतुकाची वाटते.

पुढे हाडातले कॅल्शियम काढायचे. आम्लाचे द्रावण हे लवकर करते. ईडीटीए या रसायनाला आठवडे लागतात, पण त्यात पेशींतली प्रथिने अधिक चांगली राहतात. मग मऊ झालेले आवरण सोलून, ऊतक सुकवून, त्यावर धातूचा पातळ थर देऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

तिथे शोध असतो व्रणाचा. तीव्र आवाजाने केशपेशी मेली तर शेजारच्या आधारपेशी ती जागा भरून काढतात. हे जिवंत शरीरातच घडते. मेल्यावर नासलेल्या ऊतकात असा व्रण धरत नाही. शिवाय कॉकलियाच्या बुडाशी उंच स्वर आणि टोकाशी खालचे स्वर टिपले जातात, म्हणजे व्रण कुठे आहे यावरून प्राणी कोणत्या स्वरांना बहिरा झाला तेही कळते. सोनार यंत्रणेच्या आणि समुद्रातल्या तेलशोधाच्या आवाजाबद्दल जाब विचारायचा तर असाच पुरावा लागतो.

संशोधक मारिया मोरेल आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागलेल्या पायलट व्हेल देवमाशांवर ही पद्धत वापरली आणि ते काम २०१७ साली प्रसिद्ध केले.  त्यांपैकी एकाच्या कानात बाहेरच्या केशपेशी काही जागी नाहीशा झालेल्या दिसल्या.

कोकणातही देवमासे आणि डॉल्फिन किनाऱ्याला लागतात. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला लागलेल्या देवमाशाच्या पिल्लाला वाचवायला गावकऱ्यांनी खूप धडपड केली, तरी ते गेले. असा प्राणी दिसला तर तो जिवंत असो वा मेलेला, फोटोसाठी थांबू नका. लगेच वनखात्याला १९२६ वर कळवा आणि तो किती वाजता दिसला, जिवंत होता का, हे नक्की सांगा.