वाढदिवसाचे ताट आणि बालकाचा अग्नी

सोमवारी सकाळी छर्दी, उदरशूल किंवा प्रतिश्याय घेऊन आलेल्या बालरुग्णाच्या मातेस 'काल कोठे गेला होता?' हा प्रश्न वैद्याने विचारावाच. उत्तर पुष्कळदा एकच असते : शेजारी, नात्यात किंवा शाळेतील मित्राकडे वाढदिवस होता. केक, वेफर्स, समोसा, थंड पेय आणि निघताना हातात चॉकलेटांची पिशवी, असा हा आहार आता शहरापुरता उरलेला नाही. तालुक्याच्या गावीही तो तसाच्या तसा आढळतो.

यावर आपला वैद्यवर्ग काय करतो? निषेधांची यादी देतो. मैदा नको, बेकरीचे नको, शीत नको, तळलेले नको. माता ती यादी शांतपणे ऐकून घेते आणि घरी जाऊन केकची ऑर्डर देते. तिचे काही चुकते असे आम्हांस वाटत नाही. तिला चार दिवसांनी दहा-बारा मुले आणि तितकीच मोठी माणसे घरी येणार असतात. नोकरी सांभाळून, एकट्या हाताने, त्यांच्या पुढ्यात काहीतरी ठेवायचे असते. काय ठेवू नये हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय ठेवावे हे वैद्याने सांगितले, तर ती पुढच्या वर्षी आपण होऊन विचारावयास येते, हा आमचा अनुभव आहे.

प्रथम वयाचा विचार. सुश्रुताचार्यांनी बालकाचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन भेद केले असून एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद व पुढे अन्नाद अशी मर्यादा सांगितली आहे. म्हणजे ज्याचा पहिला वाढदिवस थाटाने साजरा होतो, ते बालक नुकतेच क्षीरान्नाद अवस्थेत प्रवेश करीत असते. तो समारंभ खरे तर मोठ्यांचा असतो. बालकास मऊ वरणभात किंवा मुगाची पातळ खिचडी वेळेवर भरवून, औक्षण करून, त्याला त्याच्या वेळेस झोपवावे. पाहुण्यांचे जेवण नंतर सावकाश चालू द्यावे. दोन वर्षांखालील बालकांना साखरेचे पदार्थ व गोड पेये देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. आलेल्या पाहुण्यांत एक वर्षाच्या आतील तान्हे मूल असल्यास त्याच्या जिभेला मधाचे बोटही लावू नये. मधु-घृताच्या लेहनाची आपली परंपरा आम्हांस ठाऊक आहे. तथापि मधात क्वचित आढळणाऱ्या बोटुलिझमच्या जंतुबीजांमुळे या वयात होणारा धोका आता सर्वमान्य आहे आणि त्याकडे परंपरेच्या नावाखाली डोळेझाक करणे उचित नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या अष्टविध आहारविधिविशेषायतनांपैकी आपण बहुधा 'प्रकृती' तेवढी पाहतो, म्हणजे पदार्थ गुरू की लघू एवढेच. वाढदिवसाच्या ताटात मात्र खरा घोटाळा काल, राशी आणि उपयोगसंस्था यांचा असतो. निमंत्रण साडेसहाचे. पाहुणे साडेसातला येतात. कोणाचे तरी काका कार्यालयातून यावयाचे असतात म्हणून केक साडेआठला कापला जातो. मधल्या वेळेत मुलाने पाचला दूध घेतलेले असते, सहाला वेफर्स खाल्लेले असतात, साडेआठला केक, नऊला पावभाजी. हे सरळ अध्यशन होय. बाल्यावस्था ही कफप्रधान, त्यात रात्रीचा काल, त्यात क्रीम आणि शीत पेय! दुसऱ्या दिवशी नाक वाहू लागले तर त्यात आश्चर्य ते काय?

म्हणून पदार्थ ठरविण्याआधी वेळ ठरवावी, असे आम्ही पालकांना सांगतो. दुपारी साडेचार ते साडेसहा. चारचे दूध त्या दिवशी वगळावे, म्हणजे मूल भुकेले असते व समोर आलेले साधे अन्नही आवडीने खाते. एवढा एक बदल केला तरी निम्मे काम होते. पदार्थात मग थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते.

विरुद्धाहाराविषयी मात्र थोडे तारतम्य हवे. दूध आणि आंबट फळे यांचा संयोग टाळावा हे निर्विवाद. फ्रूट कस्टर्ड व फ्रूट सॅलड ही नावे यादीतून सरळ काढून टाकावीत. परंतु दुधाशी वर्ज्य सांगितलेल्या फळांत मोच म्हणजे केळेही आहे, आणि शिकरण-पोळी न खाल्लेला महाराष्ट्रीय वैद्य आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाही. सात्म्य, अल्पमात्रा आणि दीप्ताग्नी या अपवादांचाही उल्लेख त्याच परंपरेत आहे, हे विसरून पालकांना भिववीत सुटू नये.

आता एक विषय, ज्यावर आम्ही मुद्दाम अधिक लिहिणार आहोत. अडीच वर्षांचा एक मुलगा तीन आठवड्यांच्या कासासाठी आमच्याकडे आणला गेला. ज्वर नव्हता. तीन प्रकारची खोकल्याची औषधे दुकानांतून परस्पर आणून देऊन झाली होती. खोकला नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, हे खोदून विचारता आजीला आठवले, की भावाच्या वाढदिवसाला चिवडा खाता खाता तो हसला, ठसका लागला, चेहरा लाल झाला आणि मग बरा झाला. श्रवणयंत्राने पाहता उजव्या बाजूस श्वासध्वनी मंद होता. त्याच दिवशी त्यास मोठ्या रुग्णालयात पाठविले. दुर्बिणीद्वारे श्वासनलिकेतून अर्धा शेंगदाणा निघाला. त्या मुलाला आणखी आठवडाभर सितोपलादी चाटविले असते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

शेंगदाणा हा आपल्या घरातील इतका सवयीचा पदार्थ आहे की त्याची भीती कोणास वाटत नाही. चर्वणाच्या दुसऱ्या दाढा साधारण दोन ते पावणेतीन वर्षांच्या सुमारास येतात. त्या आल्या तरी नीट चावण्याची सवय लागावयास काळ जातो, आणि वाढदिवसाला मुले पळत, हसत, उड्या मारीत खातात. पाच वर्षांखालील मुले असलेल्या समारंभात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, मक्याच्या लाह्या, कडक गोळ्या व जेलीचे लहान पेले नकोतच. अख्खी द्राक्षेही नकोत. उभी चिरून चार फोडी कराव्यात. केकवरचे चांदीसारखे चकचकीत मणी आधीच काढून टाकावेत. (फुटलेल्या फुग्याचा तुकडाही घशात अडकतो, तो आहार नव्हे, पण सांगून ठेवावा.) मुलांना सतरंजीवर ओळीने बसवून खाऊ घालावे. आपली पंगत ही उपयोगसंस्थाच होती. ती मोडली आणि हाती प्लेट घेऊन धावणे आले.

मग काय द्यावे? आम्ही सुचवितो ते असे. सालाची मूगडाळ चार तास भिजवून, मूठभर तांदळासह वाटून, आले-जिरे घालून केलेली छोटी धिरडी. रव्याचे आप्पे हे तर मातेचे काम निम्म्यावर आणतात. पात्र एकदा तापले की दहा मिनिटांत एक घाणा उतरतो, त्यात किसलेले गाजर किंवा दुधी खपून जातो, तेल थेंबभर लागते आणि मुलाच्या मुठीत मावतात. तीन वर्षांखालील मुलास ते कुस्करून द्यावेत. गोड म्हणून तुपावरचा रव्याचा किंवा कणकेचा गूळ घातलेला शिरा, त्यावर अख्खा सुकामेवा न पेरता केवळ वेलची. राजगिऱ्याचा लाडू मऊ, सहज चुरा होणारा असेल तर उत्तम. पाकाने दगड झालेला नको. पेय कोकमाचे सरबत, माठातल्या पाण्यातले, बर्फाशिवाय. दुपारची वेळ असल्याने जिरे घातलेले पातळ ताकही चालते. रात्री दह्याचे पदार्थ वर्ज्य. दोन तिखटमिठाचे, एक गोड आणि एक पेय, एवढे पुरे. पदार्थांची संख्या वाढली की प्रत्येकाचा घासभर खाऊन संपूर्ण ताट टाकले जाते. पाहुण्या मुलांपैकी कोणास शेंगदाणा, दूध किंवा अंडे सोसत नाही काय, हे निमंत्रण देतानाच विचारावे.

आणि केक? केकला आमची बंदी नाही. मूल आठवडाभर त्याची वाट पाहत असते. तो लहान आणावा, क्रीमचा न आणता साधा आणावा, कापावा आणि दोन बोटांएवढा तुकडा द्यावा. क्रीमचाच आणला तर कापेपर्यंत शीतकपाटात ठेवावा. वैशाखाच्या उकाड्यात दोन तास टेबलावर सजवून ठेवलेला केक हा विषमाशनापेक्षाही मोठा शत्रू आहे. रंगाकडे अवश्य पाहावे. गडद निळा, गर्द लाल असा केक खाल्ल्यावर मुलाची जीभ आणि दुसऱ्या दिवशीचे मलही रंगते व घाबरलेले पालक आपल्याकडे येतात. २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासात काही कृत्रिम रंग व सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने मुलांमधील अतिचंचलता वाढल्याचे दिसले. त्यानंतर २०१० पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांच्या वेष्टनावर सूचना छापणे बंधनकारक झाले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने म्हातारीच्या केसांत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग आढळल्यावर त्यांची विक्री बंद केली. बीटाचा रस, पालक, हळद, केशर हे रंग घरात असताना डबीतील रंगाची गरज पडू नये.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी 'पोट बिघडले आहे, काहीतरी द्या' असे म्हणत पालक प्रथम आपल्या दुकानात येतात. बालचातुर्भद्र चूर्ण मागितले तर मुलाचे वय विचारावे, आणि ते एक वर्षाखालील असल्यास मधाच्या अनुपानाने देऊ नये व वैद्याकडे पाठवावे. वारंवार छर्दी किंवा अतिसार असेल तर जलसंजीवनीचे पाकीट प्रथम हाती द्यावे; मूल मलूल झाले असेल, लघवी कमी झाली असेल, मलात रक्त असेल तर एकही पुडी न विकता रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. खाताना ठसका लागून सुरू झालेला कास हा औषधाचा विषय नव्हे, हे आपल्या नोकरासही सांगून ठेवावे. एरवी केवळ जडपणा असेल तर त्या दिवशी केक-चॉकलेटांची पिशवी उंच फळीवर ठेवून, सकाळी कोमट पाणी, भूक लागल्यावर साळीच्या लाह्यांची पेज किंवा मुगाचे कढण, आणि संध्याकाळी लवकर मऊ भात एवढ्यावर बहुतेक मुले मंगळवारी शाळेत जातात.