जरा डाव्या कुशीवर वळा

‘१५ सेकंदांत हृदयविकार पकडणारा एआय स्टेथोस्कोप’ ही बातमी सगळीकडे झळकली, व्हॉट्सॲपवर तर अजूनही फिरते आहे. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या मंडळींनी ऑगस्ट २०२५ मध्ये माद्रिदच्या परिषदेत मांडलेला हा प्रयोग. ज्यांच्या छातीला ते यंत्र लागलं, त्यांच्यात हार्ट फेल्युअरचं निदान दुपटीहून जास्त झालं, झडपांच्या आजाराचं जवळपास दुप्पट. मथळ्याखाली जागा मिळाली नाही ती पुढच्या मजकुराला. यंत्राने हार्ट फेल्युअरचा संशय घेतलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना पुढच्या तपासण्यांत तो आजार निघालाच नाही. आणि वर्षभरात ७० टक्के दवाखान्यांनी यंत्र बाजूला तरी ठेवलं किंवा क्वचितच हातात घेतलं.

मला या शेवटच्या आकड्यात जास्त रस आहे. लंडनच्या डॉक्टरला जे जमत नाही, ते सोलापुरातल्या गच्च भरलेल्या ओपीडीत कसं जमायचं?

इथल्या पूर्व भागाचंच घ्या. विड्या वळणारी तिशीतली बाई दम लागतो म्हणून येते. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणजे दमा असणार. खोकल्यातून रक्त पडलं तर टीबी. हे अंदाज दरवेळी चुकतात असं नाही. पण लहानपणी घसा सुजून मग एकेक करत सांधे धरले होते का, एवढं विचारलं की तिसरी शक्यता समोर येते: ऱ्हुमॅटिक तापाने आवळलेली मायट्रल झडप. एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात तिथे घशाचे जंतू फिरत राहतात, म्हणून हा दाटीवाटीच्या वस्त्यांचा आजार. निरोगी झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडच्या खाली आलं की जिना चढताना धाप लागते. गरोदरपणात अंगातलं रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढतं तेव्हा दुखणं उघडं पडतं, आणि ‘पोटुशी आहे, दम लागायचाच’ म्हणत घरचे त्यावर पांघरूण घालतात.

हे दुखणं ओळखायची रीत आपल्याकडच्या डॉक्टरांना नवी नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांचं नाव जगात झालं ते सर्पगंधा आणि रक्तदाबावरच्या १९४९च्या निबंधामुळे. १९५७मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण इथल्या विद्यार्थ्यांना ते माहीत असतात ते ‘गोलवाला-वकील’ या जोडनावाने, रुग्ण तपासायचं कसं हे शिकवणाऱ्या पुस्तकामुळे. आधी बघा, मग हात लावा, मग ठोकून पाहा, कान सगळ्यात शेवटी. हा क्रम मला आजही कुठल्याही यंत्राहून मोलाचा वाटतो.

मायट्रल झडपेपाशी तर त्याची कसोटीच लागते. छातीवर ठेवलेल्या बोटांना ठोका टपकन लागतो. हृदयाचा पहिला आवाज नेहमीपेक्षा ठणठणीत येतो. दुसऱ्या आवाजानंतर एक बारीक ‘टक्’, कडक झालेली झडप उघडताना होणारी. ती दुसऱ्या आवाजाला जितकी चिकटून, तितकी झडप जास्त आवळलेली. मग घरघर सुरू होते, खालच्या पट्टीतली, दोन गल्ल्या पलीकडे माग चालू असल्यासारखी. ती ऐकायला रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावं लागतं, म्हणजे हृदयाचं टोक छातीच्या भिंतीजवळ येतं. स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू नुसती टेकवायची. जोर दिला की खालची कातडी ताणली जाते आणि घरघर गायब! घरघर किती मोठी यापेक्षा किती लांबते हे महत्त्वाचं. रोग फार पुढे गेला, तर ती उलट मंदावते.

आता गर्दीच्या ओपीडीत रुग्ण स्टुलावर बसलेला, पदर सावरलेला, मागे रांग, आणि स्टेथोस्कोप ब्लाउजवरूनच टेकवलेला. तो एआयवाला असला म्हणून काय फरक पडतो? बाईला कुशीवर वळवणं, त्यासाठी पडदा आणि पलंग असणं, सोबत नर्स असणं हे ॲपमधून येत नाही.

अर्थात कानाची भलामण मर्यादेतच करायला हवी. कंबोडिया आणि मोझांबिकच्या शाळांमधली पाहणी २००७मध्ये प्रसिद्ध झाली. मोझांबिकमध्ये नुसत्या तपासणीने हजारी जेमतेम २.३ मुलांत हा आजार सापडला, इकोने ३०.४. म्हणजे सुरुवातीच्या आजाराला आवाजच नसतो. तो फक्त टूडी इकोच्या पडद्यावर दिसतो. मुद्दा नुसता शोधण्याचाही नाही. युगांडातल्या मुलांवरचा अभ्यास २०२१मध्ये आला: असा लपलेला आजार पेनिसिलिनच्या नियमित इंजेक्शनांवर दोन वर्षांत फक्त ०.८ टक्के मुलांत वाढला, इंजेक्शन न घेणाऱ्यांत ८.२ टक्के.

ही इंजेक्शनं दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यायची. सुई जाड, दुखतं भरपूर, आणि रिॲक्शनच्या धास्तीने छोटे दवाखाने हात वर करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांमध्ये जातातच. एआय स्टेथोस्कोपच्या खरेदीआधी त्या पथकांच्या हाती अशा मुलांची यादी द्यावी, कुणाची तारीख चुकली ते फोन करून विचारणारा एक माणूस नेमावा, आणि इंजेक्शन द्यायला शहरातलं एक ठिकाण ठरवून द्यावं.