खिशातील सनदा : लेखांक ९
पंचांग चुकलेला मामलेदार

जुन्या फोनांना इंटरनेटशी जोडणाऱ्या वॅपच्या गेटवेमध्ये गुप्त संदेश क्षणभर उघडा कसा पडे, ती हकीकत या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते; परंतु अक्कलकोट रस्त्यावर यंत्रमाग चालविणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले, आणि ती हकीकत पुढील खेपेवर ढकलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. २०११ साली त्यांनी कपाटात वर्षभर पडलेला बटणांचा फोन पुन्हा चालू केला, तेव्हा मूळच्या ब्राउझरात कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडावयास जाताच ‘प्रमाणपत्र अद्याप वैध नाही’ असा शेरा येई. त्याच फोनवर ऑपेरा मिनीत मात्र सर्व काही बिनबोभाट उघडे. हे गौडबंगाल काय, असा त्यांचा सवाल आहे.

संकेतस्थळाची ओळख पटविणारे प्रमाणपत्र ही सनद, आणि तिजवर आरंभाची व अखेरीची अशा दोन तारखा लिहिलेल्या असतात, हे नियमित वाचकांस स्मरत असेलच. त्या तारखा फोन ताडून पाहतो त्या आपल्याच घड्याळाशी. आणि बॅटरी फार काळ काढून ठेवली की अनेक जुन्या फोनांचे घड्याळ कारखान्यात ठरलेल्या आरंभीच्या तारखेवर परत जाई. सनद खरी, तिजवरील मोहोर खरी, पण कचेरीतील मामलेदाराच्या भिंतीवर पंचांगच मागल्या दशकाचे! नव्या पेठेतील एका दुकानदाराने अशाच फोनाबद्दल ‘व्हायरस शिरला’ असे मला छातीठोकपणे सांगितले होते, आणि लज्जेची गोष्ट अशी की, मीही ते दोन दिवस खरे मानले. अखेर तारीख सुधारली आणि व्हायरस पळाला.

ऑपेरा मिनीचे रहस्य निराळे. २००६ साली जगभर खुल्या झालेल्या या ब्राउझरात फोन सनद वाचतच नसे. ऑपेराचा सर्व्हर मुखत्यार होऊन ती तपासी, पान उलगडी, आक्रसून हलके करी, आणि पुन्हा गुप्त लिपीत बांधून फोनकडे रवाना करी. पंचांग मुखत्याराचे असल्यामुळे फोनच्या तारखेस तेथे किंमत नव्हती. सोय मोठी खरी. पण मुखत्यार प्रत्येक कागद वाचू शकतो, म्हणून बँकेचा व्यवहार त्या वाटेने करणे मला कधीच पसंत पडले नाही.

घड्याळाविषयीच्या बेपर्वाईने उपकारही झाले आहेत. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या सनदांस आधार देणाऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपणार होती, आणि ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइड फोनांत संस्थेचे नवे मूळ प्रमाणपत्र नव्हते. तथापि अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची स्वतःची मुदत पाहतच नाही, हे हेरून त्याच जुन्या मोहोरेची तीन वर्षांची नवी साक्ष घेण्यात आली, आणि ते फोन २०२४ पर्यंत तगले. असल्या युक्तीचे मला मोठे कौतुक वाटते.

तेव्हा पत्रलेखक महाशयांनी प्रथम तारीख व वर्ष तपासावे. तरीही शेरा आला तर ‘पुढे जा’ हे बटण दाबू नये, तो जशाच्या तसा उतरवून मजकडे पाठवावा. वॅपची हकीकत पुढील आठवड्यात, दुसरे पत्र न आल्यास.