समुद्रातील शैवलबहर आणि माशांचे मरण

समुद्रकाठी हजारो मासे मरून पडल्याचे वृत्त वर्तमानपत्रात आले, की वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, पाण्यात कुणी विष कालवले काय?” अकोले तालुका समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत वसलेला असला तरी या प्रश्नाचे उत्तर येथील शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. जे समुद्रात घडते ते गावच्या तळ्यातही घडू शकते. आणि अशा वेळी केवळ अज्ञानापोटी एखाद्या निरपराध माणसावर विषप्रयोगाचा आळ येण्यास विलंब लागत नाही.

समुद्राच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म शैवले तरंगत असतात. त्यांवर बारीक जलचर पोसतात व त्या जलचरांवर मासे. म्हणजे शैवल हे मुळात माशांचे शत्रू नव्हे. परंतु पाण्यात नत्र व स्फुरद यांचे प्रमाण वाढले, ऊन भरपूर मिळाले आणि पाणी संथ राहिले, तर शैवलांची बेसुमार वाढ होते. पाणी हिरवे, तांबडे किंवा तपकिरी दिसू लागते. यासच शैवलबहर म्हणतात.

दिवसा सूर्यप्रकाशात शैवले अन्न तयार करतात व प्राणवायू सोडतात. रात्री हे कार्य थांबते. श्वसन मात्र चालूच राहते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. पुढे शैवले मरून तळाशी बसतात व ती कुजविणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायूही वापरून टाकतात. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो, तर ३० अंशांस साडेसात मिलिग्रॅमच. हे प्रमाण २ मिलिग्रॅमच्या खाली उतरल्यास बहुतेक मासे तग धरू शकत नाहीत. ते गुदमरून मरतात. शैवलांच्या काही थोड्या जाती मात्र स्वतःच विषारी द्रव्ये निर्माण करतात. मार्च २०२५ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मासे मोठ्या संख्येने मेले, ते ‘कॅरेनिया’ नावाच्या अशाच शैवलाच्या बहरामुळे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातील पाणी वर येते. ते पोषकद्रव्यांनी समृद्ध, परंतु प्राणवायूच्या बाबतीत दरिद्री असते. गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी पावसाळ्याच्या अखेरीस किनाऱ्यालगतच्या पाण्यात प्राणवायूची तीव्र टंचाई असल्याचे नोंदविले आहे. सप्टेंबर २००४ मध्ये केरळात कोल्लम ते विळिंजम या किनारपट्टीवर शैवलबहराच्या वेळी उग्र दुर्गंधी पसरली, मासे मेले आणि अनेकांना, विशेषतः मुलांना, मळमळ व श्वासाचा त्रास झाला. हा क्रम अंशतः नैसर्गिक आहे. परंतु शेतांतून वाहून जाणारी खते व शहरांचे सांडपाणी त्यात भर घालतात.

शैवलबहर नसतानाही प्राणवायू संपू शकतो. मुंबईत वाळकेश्वर येथील बाणगंगा तलावात सर्वपित्री अमावास्येनंतर मासे मेल्याचे प्रकार अनेकदा घडले आहेत. पाण्यात सोडलेले अन्न व निर्माल्य कुजते आणि प्राणवायू संपतो. कोणी विष घातलेले नसते.

अकोले तालुक्याचा या साऱ्याशी संबंध पाण्याच्या वाटेने येतो. रतनगडाजवळ उगम पावणारी प्रवरा भंडारदरा व निळवंडे या धरणांतून अकोल्यावरून वाहते, प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरास पोहोचते. घाटमाथ्याच्या पश्चिमेकडील पाणी कोकणातून अरबी समुद्रास जाते. येथील शेतातून वाहून गेलेल्या खताचा काही अंश याच वाटांनी पुढे जातो, ही गोष्ट भूगोलाच्या तासाला नकाशावर सहज दाखविता येईल.

विज्ञानाच्या तासाला एक सोपा प्रयोग करावा. काचेच्या दोन बाटल्यांत तळ्याचे पाणी भरावे व एकीत चिमूटभर रासायनिक खत टाकावे. दोन्ही बाटल्या उजेडाच्या खिडकीत पंधरा दिवस ठेवून विद्यार्थ्यांकडून रंगाची रोज नोंद करून घ्यावी. प्रयोगानंतर ते पाणी विहीर व ओढ्यापासून दूर जमिनीत ओतावे.

गावच्या तळ्यात मासे मेल्यास प्रथम काही गोष्टी पाहाव्यात. मासे पहाटे मेले काय? मरण्यापूर्वी ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते काय? मोठे मासे आधी मेले काय? तसे असल्यास प्राणवायूच्या टंचाईचा संभव अधिक. तथापि निश्चित निर्णय पाण्याच्या तपासणीनेच होतो. यास्तव ग्रामपंचायतीस व प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. तोवर मुलांनी मेलेले मासे उचलून घरी नेऊ नयेत व गुरांना ते पाणी पाजू नये. नीलहरित शैवलांचे विष पाणी उकळल्यानेही नाहीसे होत नाही, हे पालकांना आवर्जून सांगावे.

“विष कुणी कालवले?” या प्रश्नाऐवजी “पाण्यातील प्राणवायू कशाने संपला?” असे विचारण्यास विद्यार्थी शिकला, तर तो निसर्गाचा एक नियम शिकेलच, शिवाय पुराव्यावाचून कोणास दोष देऊ नये, हेही शिकेल.