माणसं वाट कशी काढतात? (लेखांक ६) : आलो त्याच दारानं

तालुक्याच्या गावाहून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदाच आलेला माणूस केसपेपर हातात धरून उभा असतो. सोनोग्राफी कुठं? खिडकीतल्या बाई मान वर न करता सांगतात, "सरळ जा, लिफ्टपाशी डावीकडं, मग रॅम्प उतरा." लिफ्टपाशी पोचेपर्यंत डावीकडं की उजवीकडं हे तो विसरलेला असतो. मग जिकडं लांबपर्यंत उजेड आणि माणसं दिसतात तिकडं तो चालू लागतो.

इमारतीतल्या वर्दळीचा संगणकावर अंदाज बांधणाऱ्यांची गाडी नेमकी इथंच अडते. नकाशा हाती असला तर सर्वांत जवळची वाट शोधणं सोपं. डच संगणकतज्ज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी त्याची रीत १९५९ सालीच प्रसिद्ध केली. पण चालणाऱ्याजवळ नकाशा असतो कुठं?

गेल्या आठवड्यात पाहिलेलं कोलोनच्या संशोधकांचं २००१ चं मॉडेल आठवा. जमिनीचे ४० सेंटिमीटरचे चौकोन, एका चौकोनात एकच माणूस आणि दार किती लांब आहे हे प्रत्येक चौकोनाला ठाऊक. दाराशी गर्दी कशी तुंबते ते यात झकास दिसतं. मात्र इथं फरशीच सर्वज्ञ; नवख्या माणसाची अडचण तिच्या गावी नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अलास्डेर टर्नर आणि अ‍ॅलन पेन यांनी २००२ मध्ये आपल्या संगणकी पादचाऱ्यांना नकाशा दिलाच नाही, फक्त डोळे दिले. नजरेची कक्षा १७० अंश. दिसणाऱ्या जागेतला कुठलाही एक बिंदू निवडायचा, त्या दिशेनं तीन पावलं टाकायची, पुन्हा निवडायचा. बस्स, एवढंच! ना हेतू, ना आठवण. हे पादचारी त्यांनी टेट गॅलरीच्या आराखड्यात सोडले, आणि त्यांची दालनादालनांतली वर्दळ खऱ्या प्रेक्षकांच्या वर्दळीशी बरीचशी जुळली. कारण साधं आहे. जिकडं लांबवर मोकळं दिसतं तिकडं बिंदू जास्त, म्हणून पावलंही तिकडंच जास्त वळतात. चित्रं पाहत रमतगमत फिरणाऱ्याला हे लागू पडतं. सोनोग्राफी शोधणाऱ्याला अर्धंच. शिवाय हा पादचारी वॉचमनला काही विचारत नाही, आणि आपल्याकडं तर निम्मी वाट विचारूनच सापडते.

आठवणीचं काय? त्याचा दाखला मात्र भयानक आहे. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर डग्लस गावात समरलँड नावाचं प्रचंड करमणूक केंद्र होतं. २ ऑगस्ट १९७३ च्या संध्याकाळी ते पेटलं, तेव्हा आत सुमारे ३,००० माणसं होती. जवळपास ५० जण दगावले. जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञानं वाचलेल्यांच्या जबान्या तपासून १९८५ मध्ये निबंध लिहिला. त्यात दिसलं ते असं : पाहुणे मुख्यतः आल्या दाराकडं धावले, आणीबाणीच्या दारानं जाण्याकडं कल होता तो तिथल्या नोकरांचा. दाराचं अंतर दोघांना सारखंच दिसत होतं असं मानलं, तरी ओळख सारखी नव्हती. पोरं दुसरीकडं खेळत होती ते आईबाप तर दार सोडून पोरांना शोधायला निघाले.

'घाबरलेली गर्दी सैरावैरा धावते' या समजुतीला यानं चांगलाच धक्का बसला. ती धावत होती ओळखीच्या दिशेनं, आपल्या माणसांच्या दिशेनं. म्हणूनच जवळचं दार म्हणजेच निवडलेलं दार असं धरून चालणाऱ्या मॉडेलवर आणीबाणीचा जिना किती रुंद हवा हे ठरवणं धोक्याचं. मुख्य दाराशी माणसं चेंगरत असतील आणि मॉडेलमध्ये मात्र ती चारही दारांनी सुरळीत बाहेर पडलेली असतील.

पुढच्या लेखांकात जिने. तोवर कुठल्या नाट्यगृहात किंवा मंगल कार्यालयात जाणं झालंच, तर बसण्याआधी दुसरं दार कुठं आहे आणि त्याला कुलूप नाही ना, एवढं पाहून घ्या.