जुहूच्या वाळूवरील विमानविद्या

मुंबईच्या उत्तरेस, साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगत, जुहू नांवाचें एक चिंचोळें बेट पूर्वीं होतें. ओहोटीच्या वेळीं मधली खाडी पायीं ओलांडून तेथें जातां येई. पुढें हें बेट साष्टीशीं जोडलें गेलें, आणि 1928 सालीं त्याच सखल परिसरांत मुंबई फ्लाइंग क्लबाचें शिक्षण सुरू झालें.

विमानविद्या सामान्य नागरिकाच्या आटोक्यांत आली ती मुख्यतः एका यंत्रामुळें. 1925 सालीं इंग्लंडांत डी हॅविलंड कंपनीनें ‘मॉथ’ हें हलकें विमान काढलें. सांगाडा लाकडाचा, पंखांवर कापड ताणलेलें, एकामागें एक अशा दोन उघड्या बैठकी, आणि दोहोंपाशीं विमान चालविण्याचीं साधनें. शिष्याचा हात चुकला, तर गुरु तत्काळ सांवरून घेई. इंजिनाच्या आवाजांत बोलणें ऐकूं यावें म्हणून दोघांमध्यें नळी जोडलेली असे. पंख मागें मिटतां येत असल्यानें लहानशी पाकोळीही पुरे. अशीं विमानें आणि सरकारी अनुदान यांच्या बळावर दिल्ली, कराची, कलकत्ता व मुंबई येथें क्लब उभे राहिले.

विमान परदेशी, इंजिन परदेशी. निदान तें चालविणारा हात तरी येथला असेल काय, हा त्या वेळीं खरा प्रश्न होता. 10 फेब्रुवारी 1929 रोजीं त्याचें उत्तर मिळालें. चोवीस वर्षांच्या जे. आर. डी. टाटा यांना पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं तेच कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गें, जुहूस उतरले. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. पुढें बल्लारीवरून मद्रासपर्यंत तें टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं नेलें.

जागा मात्र फारशी अनुकूल नव्हती. पावसाळा लागला कीं मैदानाचा चिखल होई, आणि टाटांच्या विमानसेवेला आपलें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. तरीहि या सेवेची वाढ थांबली नाहीं. 1946 सालीं तिचें ‘एअर इंडिया’ असें नामकरण झालें.

त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षें झालीं तेव्हां, 1982 सालीं, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टाटा पुन्हां कराचीहून एका लहान विमानानें निघाले आणि जुहूसच उतरले. मैदान दर पावसाळ्यांत निरुपयोगी होई. पण तेथें मिळविलेली विद्या अर्धशतकानंतरहि तशीच उपयोगी पडली.