पोटभर म्हणजे किती?

कवीने हृदयाविषयी बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी मात्र आज पोटाविषयी बोलणार आहे. चौपन्नाव्या वर्षी माझं वजन १३२ किलो होतं. मधुमेह होता, आणि एक जिना चढलो तरी मध्ये पायरीवर बसावं लागायचं. नागपूरला माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखं माझ्यापाशी फार नाही, कारण मी झोपेत होतो. सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

तरी थोडं समजून घेऊ. या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार जास्त चालतात. पहिल्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. माझी ही झाली. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्याला बायपास म्हणतात. जठराचा जो भाग काढला जातो, तिथेच भुकेची सूचना देणारं एक संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होतं. त्यामुळे पहिले काही महिने भूक फारशी लागतच नाही. जीभ मात्र तीच राहते, आणि सवयीही त्याच राहतात. खरी अडचण इथून सुरू होते.

आपल्या विदर्भाचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा गावोगावी तिची चर्चा झाली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी मुंबईत आणलं, तेव्हा तर रोज त्यांचे किलो मोजले जात होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबूधाबीत त्यांचं निधन झालं. किलोंची बातमी होते. पण ज्याला पुढे जगायचं असतं, त्याला रोज सकाळी उठून वाटी-चमचा हातात घ्यावा लागतो.

पहिले दोन आठवडे मी वरणाचं पाणी, ताक आणि पातळ सूप यांवर होतो. मग घोटलेलं अन्न, मग मऊ भात-वरण. साधं जेवण यायला दोन महिने लागले. मला सांगितलेले नियम सोपे होते. आधी अंडं, मासळी, डाळ, पनीर, म्हणजे प्रथिनं, भात-पोळी नंतर. घास बारीक चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. अर्ध्या तासाने, घोटघोट, पण दिवसभरात दीड-दोन लिटर प्यायचं. आणि पोट ‘पुरे’ म्हणालं की त्याच घासाला थांबायचं.

हा शेवटचा नियम आपल्याकडे सर्वांत कठीण. आपली माया ताटातून बोलते. पंगतीत ‘आणखी एक घ्या’ म्हणणारा यजमान आणि आमच्या दस्तरख्वानावर ‘कुछ खाया ही नहीं’ म्हणणारी खाला या सख्ख्या बहिणी आहेत. त्यांना नाही म्हणणं म्हणजे नातं नाकारल्यासारखं वाटतं.

शस्त्रक्रियेला चार महिने झाले आणि मी भाच्याकडे भामरागडला गेलो. तो तिथे शिक्षक आहे. शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलं. मटण होतं, भात होता, गप्पा रंगल्या होत्या. ‘मामू, बस करा,’ असं भाचा दोनदा म्हणाला. मी ऐकलं नाही. रात्री उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोटही पोटात ठरेना. भाच्याने मला हेमलकशाला नेलं.

हेमलकसा आपल्याला माहीत आहे. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांसाठी तिथे दवाखाना उभा केला. सर्पदंश, अस्वलाने फाडलेलं अंग, मलेरिया यांसाठी रानावनातून माणसं जिथे चालत येत, तिथे मी जास्त जेवलो म्हणून गेलो होतो. शस्त्रक्रियेचा कागदही घरी राहिला होता. माझ्या पोटाचं नेमकं काय केलं आहे, हे मला धड सांगताही येईना. म्हणून सांगतो, ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी तिची माहिती लिहिलेला कागद कायम खिशात ठेवावा. डॉक्टर कितीही चांगला असला तरी त्याला आतलं दिसत नाही.

सलाईन लागलं, बरं वाटलं. बाहेर एक बाई मांडीवरच्या लेकराला भरवत होती. मूल हाडाडलेलं होतं. अर्धा चमचा पेज, मग थांबायचं. मूल गिळेपर्यंत ती वाट पाहायची. वाटी लहानच होती आणि ती संपवायची तिला घाई नव्हती.

मला नागपूरला शिकवलं होतं ते हेच. नंतर वाचलं तेव्हा कळलं की यात योगायोग नाही. दीर्घ उपासमारीनंतर शरीर काटकसरीवर चालत असतं. त्याला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातले पोटॅशियम, फॉस्फरससारखे क्षार झपाट्याने खाली येतात आणि हृदयाला धोका होतो. म्हणून अतिकुपोषित मुलाला आधी दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं देतात. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उलट्या काही आठवडे चालू राहिल्या तर ‘ब-१’ जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूवर, नजरेवर, चालण्यावर परिणाम होऊ शकतो. तेव्हा उलट्या अंगावर काढू नयेत. एक पोट जास्तीने बिघडलं, दुसरं कमतरतेने. दोन्हींना परत वळवायची वाट मात्र एकच, चमच्याचमच्याची.

पुढचं थोडक्यात सांगतो. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम आणि ‘ब-१२’ जन्मभर घ्यायचं असतं आणि ठरावीक काळाने रक्त तपासायचं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बहुधा ते परत येतात. साखर उतरते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यावं लागतं. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. विशेषतः बायपासनंतर त्यांनी व्रण होतात. दारू लवकर आणि जास्त चढते. बायपासनंतर गोड खाल्लं तर अनेकांना घाम फुटतो, छाती धडधडते. बायकांनी वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळावं. आणि जुन्या सवयी परतल्या तर वजनही परततं.

रोज्यांचंही विचारतात. पहिलं वर्ष तरी नकोत, असं माझ्या डॉक्टरांनी बजावलं. घोटघोट पाणी पिणाऱ्याला दिवसभर कोरडं राहणं झेपत नाही. आजाऱ्याला धर्माने सवलत दिलेलीच आहे. मी ती घेतली. निर्जळी एकादशी करणाऱ्यांनीही आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आणखी एक. लठ्ठपणा म्हणजे खादाडपणा, असं समजून कुणाला हसू नका. त्यात शरीराची घडण असते, आजार असतो, कधी मनातलं दुःख असतं. आणि असा माणूस तुमच्या पंगतीला आला, अर्ध्या वाटीवर हात धुऊन मोकळा झाला, तर त्याला आग्रह करू नका.

मी पुन्हा भामरागडला गेलो, तेव्हा त्याच शेजाऱ्यांनी बोलावलं. या वेळी त्या घरच्या भाभींनी माझ्यापुढे लहान वाटी ठेवली आणि भरून झाल्यावर पातेलं बाजूला सारलं. काही बोलल्या नाहीत. मी ती वाटी वीस मिनिटं जेवलो. पोटभर जेवलो.